टोकियोत आई-बाबांना कोयो कुठे दाखवावा? आधी तारीख बघा, मग जागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही टोकियोत निशिकासाईला राहता, आई-बाबा दिवाळी आटोपून नाशिकहून 15 नोव्हेंबरला येतायत आणि 10 डिसेंबरला परत जाणार, मुलगी साडेतीन वर्षांची आहे, आईचे गुडघे दुखतात, सगळे शाकाहारी, तुम्हा दोघांना सुट्टी फक्त शनिवार-रविवार, तर कोयो म्हणजे शरदात रंगलेली पानं बघायला क्योतोला जावं की इथेच आसपास, आणि बेस्ट स्पॉट कुठला. लोकांनी तुम्हाला निक्को, कावागुचिको, ताकाओसान, क्योतो अशी भराभर नावं दिलीयत, सगळी ठिकाणं चांगलीच आहेत, पण त्यातली निम्मी तरी तुमच्या तारखांना उपयोगाची नाहीत.

मी इथे गाइडचं काम करते, माझ्याकडे येणारे बहुतेक पाहुणे आपल्याकडचेच असतात, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न 'कुठलं ठिकाण' हाच असतो. मी त्यांना आधी तारीख विचारते. कारण तीच मोमिजीची म्हणजे जपानी मेपलची झाडं एका आठवड्यात हिरवी, पुढच्या आठवड्यात लालभडक आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात जमिनीवर असं सगळं होतं, त्यामुळे जागा आधी पक्की करून तिच्यासाठी तारीख शोधण्यापेक्षा तुमच्या हातात जी तारीख आहे त्या तारखेला कुठे रंग भरलेला असेल ते शोधणं जास्त शहाणपणाचं. आपल्याकडे कोकणातला हापूस संपत आला की जुन्नरचा येतो, जो माणूस मे अखेरीस देवगडच्याच पेटीचा हट्ट धरतो त्याला आंबा मिळत नाही, इथेही तसंच आहे.

हा रंग जपानभर वरून खाली सरकत येतो. होक्काइदोतल्या दाइसेत्सुझान डोंगरांवर सप्टेंबरच्या मध्यालाच सुरुवात होते, मग उत्तरेकडचा तोहोकू, मग टोकियोभोवतीचा आपला कान्तो, आणि टोकियो शहरात नोव्हेंबरचा शेवट ते डिसेंबरची सुरुवात. पण नुसतं उत्तर-दक्षिण बघून चालत नाही, उंचीही बघावी लागते. शंभर मीटर वर गेलं की तापमान साधारण 0.6 अंशांनी उतरतं. निक्कोचं चुझेनजी तळं 1,269 मीटरवर आहे, म्हणजे टोकियोपेक्षा तिथे सात-साडेसात अंश जास्त थंडी, म्हणून तिथला रंग ऑक्टोबरमध्येच येऊन जातो. खाली तोशोगू देवळाच्या परिसरात तो नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असतो. तुमचे आई-बाबा 15 तारखेला उतरणार, विमानाचा शीण जाऊन पहिला शनिवार-रविवार येईपर्यंत निक्कोला वर फांद्या उघड्या झालेल्या असतील आणि खालचाही बहर ओसरत आलेला असेल. निक्को बघायला जाऊ नका असं नाही, देवळं सुंदरच आहेत, पण पानांसाठी म्हणून दोन-अडीच तास एका बाजूचा प्रवास काकूंना कशाला करायला लावायचा.

पानाचं गणित थोडं माहीत असलं की अंदाज बांधता येतो म्हणून सांगते. रात्रीचं किमान तापमान 8 अंशांच्या खाली जायला लागलं की रंग बदलायला सुरुवात होते, 5-6 अंशांवर आलं की तो भराभर पुढे सरकतो. पानातलं हिरवं द्रव्य मोडतं, देठाशी बूच बसल्यासारखा थर तयार होतो, त्यामुळे पानातली साखर खाली जाऊ शकत नाही आणि तिच्यापासून लाल रंग बनतो. हा लाल रंग बनायला ऊन लागतं, म्हणून मोमिजीची उन्हाकडची बाजू आणि शेंडा आधी लाल होतो आणि आतल्या फांद्या पिवळट राहतात. इचोचं म्हणजे गिंकोचं तसं नाही, त्याच्यात पिवळा रंग आधीपासूनच असतो, हिरवा गेला की तो दिसायला लागतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की एखाद्या वर्षी शरद ढगाळ गेला तर मोमिजी फिकी पडते पण इचो सहसा दगा देत नाही. म्हणून पाहुण्यांबरोबर जाताना मी शक्यतो अशी जागा निवडते जिथे दोन्ही झाडं आहेत, एक नाही तर दुसरं तरी मनासारखं मिळतं.

अजून एक गोष्ट, जुने ब्लॉग आणि मित्रांचे दहा वर्षांपूर्वीचे फोटो यांच्यावरून तारीख ठरवू नका. जपानच्या हवामान खात्याने 2021 पासून प्राणी-पक्ष्यांच्या ऋतुनोंदी बंद केल्या, पण इचो पिवळा होणं आणि मेपल लाल होणं या नोंदी चालू ठेवल्या, आणि त्यांच्या 1953 पासूनच्या आकड्यांत मेपलची तारीख दर दहा वर्षांमागे साधारण तीन दिवसांनी पुढे सरकताना दिसते. दर दहा वर्षांना तीन दिवस म्हणजे एका पिढीत आठवड्याच्या वर फरक पडतो. त्यामुळे मी खाली ज्या तारखा देतेय त्या सगळ्या 'साधारण' समजा, गुरुवारी रात्री त्या त्या बागेच्या साइटवर ताजे फोटो बघा, मिगोरो म्हणजे ऐन भर लिहिलेलं असेल तर जा, इरोझुकी-हाजिमे म्हणजे नुकती सुरुवात असेल तर पुढच्या आठवड्यावर टाका.

क्योतोबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तिथला रंग अप्रतिम असतो आणि नोव्हेंबरचा शेवट ही वेळही बरोबर आहे, पण नेमक्या त्याच दिवसांत अख्खा जपान तिथे गेलेला असतो. नोझोमी बुलेट ट्रेनने सव्वादोन तास, तिकीट एका माणसाचं एका बाजूचं 14,000 येनच्या आसपास, हॉटेलं महाग, बसमध्ये उभं राहायला जागा नाही, आणि बहुतेक देवळांना पायऱ्या. तुम्ही दोघं बुधवार-गुरुवार सुट्टी काढून दोन रात्री राहणार असाल आणि सकाळी साडेसातला बाहेर पडायची तयारी असेल तर नक्की न्या, आई-बाबांना आयुष्यभर आठवेल. शनिवार-रविवारी धावतपळत, साडेतीन वर्षांची मुलगी आणि दुखरे गुडघे घेऊन जायचं असेल तर मी नको म्हणेन. ते पैसे आणि ती ताकद इथल्या चार छोट्या सहलींवर घातली तर काका-काकूंना जास्त बघायला मिळेल, आणि दमायला कमी होईल.

आता तुमच्या घराची जमेची बाजू, जी कोणी सांगितली नाही. तुम्ही तोझाई मेट्रो लाइनवर राहता आणि टोकियोतल्या कोयोच्या चांगल्या जागांपैकी बऱ्याच या एकाच लाइनवर आहेत, गाडी बदलायची नाही, त्यामुळे मध्ये जिने चढउतार नाहीत. ओतेमाचीला उतरलात की शाही राजवाड्याची पूर्व बाग आहे, तिकीट नाही, फक्त बॅग तपासतात, सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते. तिथे ओतेमोन दरवाज्याने आत जा, कारण निनोमारूची बाग त्या बाजूला सपाटीवर आहे, ताकेबाशीच्या बाजूच्या किताहानेबाशी दरवाज्याचा चढ गुडघ्यांना त्रासदायक आहे. कुदानशिता किंवा ताकेबाशीला उतरलं की कितानोमारू पार्क, रस्ते रुंद, मोमिजी आणि इचो दोन्ही, गर्दी तुलनेने कमी. इइदाबाशीहून चालत दहा मिनिटांच्या आत कोइशिकावा कोराकुएन, 1629 साली मितो तोकुगावा घराण्याने सुरू केलेली बाग, तिकीट 300 येन, तळ्याच्या कडेच्या मोमिजीचं पाण्यात पडलेलं प्रतिबिंब बघायला मी दरवर्षी जाते. पण तिथे काही वाटा दगडांच्या आणि खडीच्या आहेत, बाबागाडी तिथे खडखडते आणि काकूंना हात धरावा लागेल, तेव्हा तळ्याभोवतीचा मुख्य रस्ता धरा, टेकड्यांच्या वाटेला जाऊ नका. वासेदाला उतरून पंधरा मिनिटं चाललं की हिगो होसोकावा बाग, लहानशी, फुकट, आणि टोकियोत अशी शांत जागा नोव्हेंबरात सापडणं खरंच अवघड आहे. ज्या गाड्या थेट मिताकापर्यंत जातात त्यातली एक पकडून किचिजोजीला उतरलं तर इनोकाशिरा पार्क, तळं, मोकळी जागा, मुलीला पळायला रान.

माझ्या मते तुमच्यासाठी हीच खरी यादी आहे. लांबची नावं लांबून आलेल्या टूरिस्टांसाठी असतात, तुमच्या काका-काकूंकडे साडेतीन आठवडे आहेत आणि त्यांना एका दिवसात सगळं उरकायची काही गरज नाही. दुपारी दीड-दोन तासांची छोटी चक्कर मारावी, घरी येऊन चहा घ्यावा, दोन दिवसांनी परत निघावं. त्यात एक वेगळीच मजा आहे की तेच झाड ते बदलताना बघतात. तुम्ही ऑफिसला असताना ते दोघं स्वतःही जाऊ शकतात, निशिकासाई स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर ग्योसेन पार्कात हेइसेइ बाग आहे, तळं आणि छोटी जपानी बाग. एकदा तुम्ही बरोबर जाऊन रस्ता दाखवा, मग ते रोज सकाळी फिरायला तिथेच जातील बघा.

आता आठवड्यांप्रमाणे. पहिल्या शनिवार-रविवारी शहरात मोमिजी अजून कच्ची असते, म्हणून थोडं पश्चिमेला, ताचिकावाच्या शोवा किनेन पार्कला जा, समुद्रापासून लांब असल्याने तिथे रात्री जास्त गार होतं आणि रंग आधी येतो. इचोची पिवळी रांग तिथे नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मध्यापर्यंत भरात असते आणि जपानी बागेतली मोमिजी त्याच्या मागोमाग, त्यामुळे मधल्या आठवड्यात झाडावर थोडी पानं आणि खाली पिवळा गालिचा असं दोन्ही मिळायची शक्यता चांगली. तिकीट मोठ्यांना 450 येन, 65 वर्षांवरच्यांना 210, मिडल स्कूलपर्यंतची मुलं फुकट. काका-काकू 65 च्या पुढे असतील तर पासपोर्ट जवळ ठेवा, वयाची सवलत बऱ्याच सरकारी बागांत आहे आणि ती पर्यटकांनाही मिळते. पार्क प्रचंड मोठं आहे म्हणून चालत सगळं बघायच्या फंदात पडू नका, आत फिरणारी छोटी ट्रेन आहे, व्हीलचेअरही मिळते, आणि मुख्य रस्ते डांबरी सपाट. माझ्याकडे आजी-आजोबा आणि नातवंडं एकत्र असली की मी सगळ्यात आधी हेच पार्क सुचवते.

23 नोव्हेंबरला सुट्टी असते, त्याच्या आसपासचा वीकएंड म्हणजे कोयोच्या दिवसांतली सगळ्यात जास्त गर्दी. त्या दोन दिवसांत ताकाओसान आणि कामाकुराच्या वाटेला जाऊ नका. मेइजी जिंगू गाइएनची 146 इचोंची रांग याच सुमाराला पिवळी होते आणि ती बघायला हवीच, पण सकाळी आठच्या आत पोचा, ओतेमाची किंवा कुदानशिताला हान्झोमोन लाइन पकडून आओयामा-इच्चोमे. सगळी रांग 300 मीटरची, सपाट, त्यामुळे काकूंना काहीच त्रास नाही, आणि नऊला गर्दी वाढायच्या आत तुम्ही परतीच्या गाडीत असाल. दुपारी बाराला तिथे गेलात तर फक्त लोकांच्या पाठी आणि वर केलेले फोन दिसतील.

त्यानंतरचा आठवडा, नोव्हेंबर संपताना, शहरातला सगळ्यात चांगला. जमलं तर तुमच्यापैकी एकाने या आठवड्यात एक अर्धा दिवस सुट्टी टाका, मधल्या वारी. मंगळवारी सकाळी कोराकुएन आणि रविवारी दुपारी कोराकुएन या दोन वेगळ्या बागा वाटतात. याच सुमाराला राजवाड्याच्या आतला इनुई-दोरी रस्ता काही दिवस सर्वांसाठी उघडतात, तारखा आधी जाहीर होतात, आत जायला पैसे नाहीत. एरवी बंद असलेला रस्ता आहे म्हणून काकांना त्याचं अप्रूप वाटेल. साकाशिता दरवाज्यातून आत आणि पलीकडे इनुई दरवाज्यातून बाहेर असा पाऊण किलोमीटरचा एकेरी रस्ता आहे, मध्ये बसायला जागा मिळेल हे धरून चालू नका, तेव्हा काकूंचा त्या दिवशीचा गुडघा बघून ठरवा.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारसाठी शिंजुकु ग्योएन राखून ठेवा. तिथली मोमिजी-यामा उशिरा रंगते, प्लॅटेनसच्या झाडांची रांग आहे जिची पानं मुलीच्या तोंडापेक्षा मोठी असतात, आणि मोठ्या हिरवळीवर चटई टाकून जेवता येतं. तिकीट 500 येन, 65 वरच्यांना 250, दारू आत न्यायला बंदी, आणि हिवाळ्यात चारच्या आत प्रवेश करावा लागतो. कोणाची गाडी मिळाली तर कात्सुशिकातलं मिझुमोतो पार्कही याच वेळचं, तिथे मेटासिक्वोयाचं अख्खं वन विटकरी-नारिंगी होतं, तो रंग मोमिजीपेक्षा अगदी वेगळा असतो, जमीन सपाट आणि तिकीट नाही. थंडी उशिरा पडली आणि सगळंच आठ-दहा दिवस पुढे गेलं तर घाबरू नका, चिबातली योरो घळ आणि कामाकुरा ही दोन्ही ठिकाणं कान्तोत सगळ्यात शेवटी रंगतात, डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत. कामाकुराला देवळांच्या पायऱ्या आहेत आणि समुद्रावरून येणाऱ्या वादळाने एखाद्या वर्षी पानांच्या कडा करपतात, म्हणून ते मी तुमच्यासाठी राखीव ठेवते, पहिल्या पसंतीत धरत नाही.

ताकाओसानबद्दल वेगळं लिहिते कारण त्याचं नाव तुम्हाला सगळ्यांनी सुचवलंय. 599 मीटरचा डोंगर, शिंजुकूहून केइओ लाइनने साधारण 50 मिनिटं, अर्ध्यापर्यंत केबल कार, पुढचा मुख्य रस्ता फरसबंद. ऐकायला सोपं वाटतं. पण नोव्हेंबरच्या शनिवार-रविवारी केबल कारलाच तासभर रांग लागू शकते आणि ती रांग उभ्याने असते, शिवाय वर याकुओइन देवळाकडे जाताना पायऱ्या किंवा चढ लागतोच. गुडघे दुखणाऱ्याला चढण्यापेक्षा उतरणं जास्त जड जातं हे घरातल्यांच्या लक्षात येत नाही. नेणारच असाल तर मधल्या वारी, सकाळी आठच्या पहिल्या केबल कारने, आणि वरच्या स्टेशनाच्या आसपासच बसून बघून परत. शिखराचा आग्रह नको.

वेळेबद्दल एक महत्त्वाचं. नोव्हेंबर अखेरीस इथे सूर्य साडेचारला मावळतो, म्हणजे दुपारी एकला निघणाऱ्यांना रंग बघायला फार तर दोन तास मिळतात. आपल्याकडून आलेल्या माणसांना हे अंगवळणी पडत नाही, जेवून वामकुक्षी घेऊन निघू म्हणतात आणि पोचेपर्यंत पानं काळपट दिसायला लागलेली असतात. सकाळी नऊ ते अकरा ही वेळ उत्तम. झाड तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये येईल असं उभं राहा, पानातून ऊन आरपार येतं तेव्हा लाल रंग खरा पेटतो, पाठीवर ऊन घेऊन बघितलं तर तेच पान मळकं वाटतं. रात्रीचे लाइट-अप सुंदर असतात, रिकुगिएन बागेतलं प्रसिद्ध आहे, पण अंधार, खडी, गर्दी आणि गारठा हे सगळं एकत्र असतं, त्यामुळे तिथे तुम्ही दोघं जाऊन या आणि मुलीला आजी-आजोबांकडे ठेवा.

जेवण शक्यतो घरूनच न्या. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, मेथीचे पराठे, जे काही गार झाल्यावरही चांगलं लागतं ते, आणि थर्मासमध्ये चहा. बागेबाहेरच्या दुकानांतलं सोबा-उदोन म्हणजे नूडल्स भाज्यांचे दिसले तरी त्याच्या रश्शात माशाचा अर्क असतो, कोन्बिनीतल्या म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या छोट्या दुकानांतल्या उमेबोशीच्या (खारवलेल्या फळाच्या) ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या गोळ्यातही कधीकधी असतो, लेबल वाचल्याशिवाय देऊ नका. बिनधास्त देण्यासारखं म्हणजे याकिइमो, भाजलेलं रताळं, सुपरमार्केटच्या दाराशी गरमच मिळतं आणि खाताना हातही शेकतात. जुन्या जपानी बागांत चटई पसरून बसू नका, तिथे बाकावर बसायचं, चटईसाठी शोवा किनेन, शिंजुकु ग्योएन, इनोकाशिरा. कचरापेट्या फारशा नसतात, सगळं पिशवीत घालून घरी परत आणायचं.

आता दोन सावधगिऱ्या. ओली इचोची पानं फरशीवर तेलासारखी निसरडी होतात, पाऊस पडून गेल्यावर काकूंना त्या पिवळ्या गालिच्यावरून चालू देऊ नका, कितीही मोह झाला तरी कडेने चाला आणि रबरी तळाचे बूट घाला. दुसरी मुलीसाठी. इचोच्या मादी झाडाखाली जर्दाळूसारखी घाण वास येणारी फळं पडलेली असतात, त्यांच्या गराने कातडीला पुरळ येऊ शकतं आणि आतली बी म्हणजे गिन्नान लहान मुलांनी जास्त खाल्ली तर विषारी ठरते. पानं गोळा करू दे, फळं नको.

सकाळी सात-आठ अंश म्हणजे नाशिकच्या कडाक्याच्या थंडीसारखं, पण इथे दुपारीही पंधराच्या आसपासच असतं, आणि वारा झोंबतो. औषधांच्या दुकानात कपड्यावर चिकटवायचे काइरो म्हणजे गरम होणारी पाकिटं मिळतात, काकूंच्या पँटला गुडघ्यापाशी बाहेरून लावा, थेट कातडीवर लावायचे नसतात, चटका बसतो. आणि एखादा शनिवार पावसाचा निघाला तर सहल रद्द करण्याआधी फक्त एवढं बघा की पाऊस रिमझिम आहे की वाऱ्यासकट. वारा असेल तर घरीच थांबा. रिमझिम असेल तर कितानोमारूला छत्र्या घेऊन तासभर जाऊन या, भिजलेल्या खोडांचा काळा रंग आणि त्याच्यावर लाल पानं असं दृश्य उन्हात मिळत नाही, आणि त्या दिवशी बाकांवर जागाही असते, फक्त बसायच्या आधी पुसायला एक जुना टॉवेल न्या.

काकूंना सलग किती मिनिटं चालवतं आणि जिना उतरताना आधार लागतो का एवढं लिहा, म्हणजे तोझाई लाइनवरच्या कुठल्या स्टेशनला लिफ्टने कुठल्या बाजूला बाहेर पडायचं ते मी त्याप्रमाणे सांगते.